कढीपत्त्यावरचा पंधरवडा

आज सकाळी कढीपत्त्याच्या शेंड्याला एक अंडं दिसलं. खसखशीच्या दाण्याहून जरासं मोठं, फिकट पिवळं, पानाच्या टोकाला कोणीतरी जपून टेकवून ठेवल्यासारखं. मी वळून आईला सांगणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचाच आवाज आला, "परवापासून पक्ष सुरू होतोय. काही मागवायचं असेल तर आजच मागव." दोघींना एकच गोष्ट कळली होती. तिला कॅलेंडरवरून, मला पानावरून.

भाद्रपदाचा हा दुसरा पंधरवडा तसा कोणाच्या आवडीचा नाही. गणपती गेलेले असतात, मांडवांचे बांबू अजून रस्त्याच्या कडेला पडलेले असतात आणि देवी यायला अवकाश असतो. आमच्या पूनम सागर भागातले दुकानदारसुद्धा या दिवसांत बाहेर खुर्ची टाकून बसतात. पाऊस जातो म्हणतो आणि जात नाही. पण त्याच्या मधल्या वेळेत जे ऊन पडतं, तसं वर्षात पुन्हा पडत नाही. तिरपं, स्वच्छ, पानाच्या शिरा मोजता येतील असं. मला हा पंधरवडा गेल्या वर्षीपासून आवडतो. हे मोठ्याने बोलायची सोय नाही. पितृपक्ष आवडतो, असं कोणी म्हणतं का?

गेल्या वर्षी माझी मॅक्रो लेन्स नेमकी पक्षाच्या पहिल्या दिवशी घरी आली. खूप जवळून फोटो काढायची लेन्स. मी ती आठ दिवस आधी मागवली होती आणि तिथी-बिथी माझ्या डोक्यातही नव्हती. आईने खोका हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "नवीन?"

"हो."

"आज?"

मी बहुतेक वेळा गप्पच असते. शाळेत टीचर रिपोर्ट कार्डावर दरवर्षी तेच लिहायच्या, मुलीने वर्गात बोललं पाहिजे. वर्गात बोलायचं तर इंग्रजीत, घरी बोलायचं तर मराठीत, बिल्डिंगमध्ये बोलायचं तर हिंदीत. प्रत्येक ठिकाणी वाक्य जुळवेपर्यंत समोरचा पुढे निघून गेलेला असायचा. मग बघत राहायची सवय लागली.

"सर्वपित्रीनंतर उघड," आई म्हणाली आणि तिने खोका कपाटावर ठेवून दिला. बाबांना जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धानंतरचा त्यांचा हा पहिलाच पक्ष होता. मी वाद घातला नाही.

पण सात अळ्या त्याच आठवड्यात निघाल्या होत्या. त्या सर्वपित्रीपर्यंत कशा थांबणार?

आमच्या हॉलच्या खिडकीला बाहेर काढलेलं ग्रिल आहे आणि त्यात आईच्या कुंड्या आहेत. तुळस, सदाफुली, एक कधीच न फुलणारा मोगरा आणि कोपऱ्यात माझ्या खांद्याएवढा कढीपत्ता. लालबागची खोली सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा आईने तो टेम्पोत पुढे, स्वतःच्या मांडीवर घेऊन आणला होता, असं बाबा सांगायचे. मी तेव्हा मागे गादीवर झोपले होते म्हणे. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या फोडण्या त्या कुंडीतून व्हायच्या. समोरच्या हंसाबेन तर विचारतही नसत. बेल वाजवायच्या, चपला दारात काढायच्या, सरळ ग्रिलपाशी जाऊन दोन डहाळ्या मोडायच्या आणि जाताना "भाभी, ले लिया" एवढंच म्हणायच्या.

बाबा गेल्यावर आईने कढीपत्ता तोडणं बंद केलं. ठरवून नाही. फोडणीत मोहरी, हिंग, हळद पडायची आणि हात तिथेच थांबायचा. हंसाबेननाही काय वाटलं कोणास ठाऊक, त्यासुद्धा यायच्या कमी झाल्या. न तोडलेलं झाड त्या पावसाळ्यात वेड्यासारखं फुटलं. इतकी कोवळी पानं पाहून फुलपाखरू येणारच.

मला अळ्या दिसण्याच्या दोन दिवस आधी आईने हंसाबेनना सांगून टाकलं होतं, "घट बैठने के दिन ले जाओ पूरा कुंडी. मेरेसे नहीं होता अब." मी लॅपटॉपसमोर बसून ते ऐकलं. गेल्या वर्षात घरातल्या वस्तू अशाच एकेक करून जात होत्या. आधी बाबांचे शर्ट, मग त्यांची खुर्ची, मग टेपरेकॉर्डर. आई कधी रडत नव्हती. फक्त देऊन टाकत होती. प्रत्येक वस्तूबरोबर ती स्वतःही जरा कमी होत असल्यासारखी वाटायची. कढीपत्ता गेला की ती ग्रिलपाशीही जाणार नाही, हे मला कळत होतं. "देऊ नको" हे दोन शब्द होते. मी ते मनात तीन भाषांत जुळवले आणि एकाही भाषेत बोलले नाही.

त्याऐवजी मी बाबांची लेन्स शोधून काढली.

त्यांचा जुना रोलचा कॅमेरा देऊन टाकण्याच्या यादीत कसा कोण जाणे आला नव्हता. त्याची लेन्स निघते आणि ती उलटी करून आपल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरली, तर लहान वस्तू प्रचंड मोठी दिसते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. तिला अडकवायला काही नसतं. डाव्या हाताने लेन्स कॅमेऱ्यावर दाबून धरायची, फटीतून उजेड शिरू नये म्हणून बोटांनी ती झाकायची आणि उजव्या हाताने बटण दाबायचं. फोकसची रिंग फिरवून उपयोग नसतो. आपणच पुढे-मागे व्हायचं. तेही केसभर. वस्तू लेन्सपासून चार बोटांवर हवी. श्वास घेतला तरी सगळं धूसर.

पहिल्या दिवशी मी दोनशे फोटो काढले आणि दोनशेच्या दोनशे पुसले.

खाली सोसायटीच्या बागेत मी सकाळी सरावाला जायला लागले. बाग म्हणजे कंपाउंडच्या भिंतीलगतची एक लांब पट्टी. जास्वंद, तगर, घाणेरी. तिथे आठवड्यातून दोनदा माळीकामाला काशिनाथकाका यायचे. जवळच्याच पेणकरपाड्याचे. त्यांच्या घरची भातशेती होती, तेव्हा या बाजूला एकही बिल्डिंग नव्हती म्हणे. जास्वंदीच्या पुंकेसरावर एक मुंगी चढत होती आणि मी गुडघ्यांवर बसून तिच्या मागे मागे सरकत होते. काका खुरपं थांबवून बघत राहिले.

"काय हारपलं काय गो?"

"नाही काका. फोटो काढतेय. ती हलतेय सारखी."

ते उकिडवे बसले, मुंगीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ती न्हाय हालत. तूच हालतंस. कोपर कुठं हाय तुझा? हवेत. कोपर जमिनीला लाव." मी लावला. "आता वारा हाय. वारा हाय तवर थांब. वारा बी दमतो."

वारा दमतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पण खरंच, दर मिनिटाला एक क्षण असा येतो की पान पूर्ण थांबतं. त्या आधी अर्धा श्वास सोडायचा, उरलेला धरायचा आणि अंग पुढे झुकवत न्यायचं. अस्पष्ट, अस्पष्ट, अस्पष्ट आणि मग एकदम मुंगीच्या डोळ्याची जाळी. एका केसाएवढ्या जागेत सगळं लख्ख, बाकी सगळा रंग. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बटण दाबायचंच विसरले.

मी काकांना अळ्यांचं विचारलं. कढीपत्त्यावर आहेत, झाड खाऊन टाकतील का?

"किती हायत?"

"सात."

"मंग खातील," ते शांतपणे म्हणाले. "पन झार मरत न्हाय. आपल्याला वाटतं मेला." आणि पुन्हा खुरपं चालवू लागले.

आईला अळ्या पक्षाच्या चौथ्या दिवशी दिसल्या. तोवर त्या चिमणीच्या विष्ठेसारख्या होत्या, काळपट आणि मध्ये पांढऱ्या. त्यांचं ते सोंगच असतं, कोणी खाऊ नये म्हणून. आई कुंडी पुसायला गेली आणि विष्ठा चालायला लागली. ती ओरडलीच. मग पायातली चप्पल हातात आली. मी धावले. पण मी काही बोलायच्या आत ती आपणच थांबली. चप्पल वर, हात हवेत.

"पक्ष चालू आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "या दिवसांत दारी आलेल्याला हाकलू नये." चप्पल खाली ठेवून माझ्याकडे वळली. "सर्वपित्रीपर्यंत. नंतर मी ऐकणार नाही."

तर अशी त्या अळ्यांना दहा-अकरा दिवसांची मुदत मिळाली. मलाही.

हंसाबेननी दोन दिवसांनी येऊन त्या पाहिल्या आणि एकदम डोक्यावर पदर घेतला. "भाभी! श्राद्ध में आया है. ये तो भाईसाहब आए हैं, देखना, रूप बदल के."

मला ते ऐकवेना. कोणीतरी असं म्हणणार याची मला भीती होतीच. मी आईकडे बघायचं टाळलं.

"नहीं," आई म्हणाली. "ये वो नहीं हैं. उनको कढीपत्ता बिलकुल नहीं चलता था. पोहे में डाला तो एक-एक पत्ता निकाल के बाजू में लाइन लगाते थे. तीस साल मैंने डाला, तीस साल उन्होंने निकाला."

हंसाबेन हसायला लागल्या. ग्रिल धरून हसल्या, "अरे मारी मा" म्हणत डोळे पुसले. आणि आईही हसली. आवाज करून. मी कॅमेरा खाली ठेवला. काही गोष्टींचे फोटो काढायचे नसतात एवढं मला तोवर कळलं होतं.

त्यानंतर ती मला मदत करू लागली. मी सांगितलं नव्हतं. सकाळी आठला ऊन ग्रिलच्या एका बाजूने यायचं आणि अळीची दुसरी बाजू काळी पडायची. मी पांढरा कागद धरून बघत होते. कागद वाऱ्याने फडफडे. आई पोळ्या टाकून आली, दोन मिनिटं बघितलं, आत गेली आणि स्टीलचं जेवणाचं ताट घेऊन आली. "हे धर." पण माझे दोन्ही हात लेन्समध्ये. मग तीच धरून उभी राहिली. ताटातला उजेड अळीच्या पोटाखाली गेला आणि तिचे आखूड पाय काचेचे झाले.

"थोडं वर. अजून. थांब."

"पोळी करपतेय."

"आई, श्वास घेऊ नको."

"मी कशाला? फोटो तू काढतेयस ना?"

आम्ही दोघी गेल्या सव्वा वर्षात इतक्या जवळ उभ्या राहिलो नव्हतो. तिच्या साडीला हिंगाचा वास होता.

मग अळ्या कात टाकून हिरव्या झाल्या, गुबगुबीत, मानेवर दोन खोटे डोळे. शाळेत आम्हाला चार्ट होता. अंडं, लार्व्हा, प्यूपा, फुलपाखरू. चार चित्रं, चार बाण. मी ते दर वर्षी न चुकता काढलं आणि मार्क मिळवले. पण अळी आपलीच टाकलेली कात खाते, हे त्या बाणांत कुठे नव्हतं. चुकून बोट लागलं तर ती डोक्यातून दोन केशरी शिंगं बाहेर काढते आणि सडक्या लिंबासारखा वास सोडते, हेही नव्हतं. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्यासारखीच आहे. हात लावला की शिंगं." मी काहीच बोलले नाही. म्हणजे, शिंगंच काढली असणार.

दोन अळ्या एका गांधीलमाशीने नेल्या. उरल्या पाच.

बाबांची तिथी दशमीची. आईने पहाटे उठून खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं केलं. कावळ्याचं पान ठेवायची आमची जागा म्हणजे तेच ग्रिल. दुसरी जागा आहे कुठे? आजीची तिथी असायची तेव्हा बाबा तिथेच पान ठेवून "काव काव" करत उभे राहायचे आणि मी लाजेने आत पळायचे. त्या दिवशी आई केळीच्या पानाचा तुकडा वाढून ग्रिलपाशी आली. मी कढीपत्त्याजवळ उभी होते. कावळा यावा, लवकर यावा, असं मला मनापासून वाटत होतं. तो शिवला नाही तर आई दिवसभर काही खाणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि तो आला तर त्याला वड्याच्या शेजारी पाच हिरव्यागार, बोटाएवढ्या अळ्या दिसणार होत्या. कावळ्याने आधी काय उचललं असतं, हे सांगायला नको.

त्या दिवशी, त्या पानासमोर, अळ्यांबद्दल काय बोलणार होते? बाबांपेक्षा मला किडे जास्त झाले का, असं तिने विचारलं असतं तर?

आईने पान ठेवलं. दोन पावलं मागे आली. कढीपत्त्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग पान पुन्हा उचललं.

"गच्चीवर जाते," ती म्हणाली. "इथे यायला त्याला अडचण होते."

सात मजले. लिफ्ट पाचव्यापर्यंतच चालत होती. ती अर्ध्या तासाने घामाघूम होऊन खाली आली. "लगेच आला," म्हणाली. "वडा आधी उचलला." आणि तोंड धुवायला गेली. मी मोरीच्या दारात टॉवेल घेऊन उभी राहिले. ती बराच वेळ तोंड धूत होती.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी अळ्या झाड सोडून निघाल्या. खाऊन झालं की त्या भटकतात, जागा शोधतात. एक ग्रिलच्या गजाला लटकली, एक सदाफुलीच्या काडीला, एक खिडकीच्या चौकटीला. दोन कुठे गेल्या कळलंच नाही. मागे राहिलेल्या कढीपत्त्यावर एक पान नव्हतं. नुसत्या काड्या.

घटस्थापनेला हंसाबेन नवी साडी नेसून कुंडी न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "आ शुं? भाभी, ये तो खाली लकडी है."

आईचा चेहरा पडला. आमच्याकडे शेजारणीचं भांडंही रिकामं परत देत नाहीत. साखर तरी घालतात. त्यात असं बोडकं झाड, तेही घट बसायच्या दिवशी, कोणाच्या हातात द्यायचं? "आज नको," ती घाईने म्हणाली. "पालवी आने दो. पंद्रह दिन में देती हूँ. अच्छा करके देती हूँ."

आणि मग ती त्या काड्यांना पाणी घालू लागली. देण्यासाठी का होईना. माती उकरली, ताक पातळ करून घातलं, शेंडे खुडले. रोज सकाळी वाकून बघायची. मी खोका कपाटावरून काढला होता, नवीन लेन्स कॅमेऱ्याला कट्कन बसत होती, सगळं सोपं झालं होतं. मला त्याचा म्हणावा तसा आनंद होईना. प्रत्येक फुटवा दिसला की मला वाटायचं, आता एक दिवस कमी झाला.

पहिलं फुलपाखरू दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघालं. मी ऑफिसच्या कॉलवर होते, कॅमेरा चालू करून स्वतःचं तोंड दाखवत. आईने दारातून हातवारे केले, मी बोट वर करून थांब म्हटलं. पंधरा मिनिटांनी गेले तेव्हा गजाला रिकामा, कागदासारखा कोश होता. महिनाभर जे बघायचं होतं ते मी पाहिलं नाही. आईने पाहिलं.

"कसं होतं?"

तिला सांगता येईना. ती मला सांगायला शब्द शोधतेय, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. "ओलं होतं," ती म्हणाली. "पंख चुरगळलेले. मला वाटलं, बिघडलंय. मग हळूहळू... काळं, खाली लाल ठिपके. मी ताट धरलं होतं गं, ऊन यावं म्हणून. फोटो काढायला कोणी नाही आणि मी आपली ताट धरून उभी."

कोजागिरीच्या सकाळी कढीपत्ता भरून आला होता. तांबूस, चकचकीत, अजून मऊ असलेली पानं. एका पानावर मोहरीएवढा कोळी उडीच्या तयारीत बसला होता, डोक्यावर आठ डोळे. मी कोपर खिडकीच्या कट्ट्याला टेकवला. आई ताट घेऊन उभी राहिली. वारा होता, आम्ही थांबलो. तेवढ्यात बेल वाजली आणि बाहेरून हंसाबेनचा आवाज आला, "भाभी, मैं कुंडी के लिए आई. लड़का भी आया है उठाने को."

"आते," आई म्हणाली, पण ताट हलवलं नाही. वारा दमला. पान थांबलं. मी अर्धा श्वास सोडला, उरलेला धरला, पुढे झुकले. कोळ्याचे डोळे लख्ख झाले. आत्ता बटण दाबायचं होतं.

"आई, देऊ नको," मी म्हटलं.

सगळं हललं. कोळी उडाला.

ताट तसंच वर होतं. त्यातलं ऊन माझ्या तोंडावर येत होतं, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता. "का?" तिने विचारलं.

मला खूप कारणं होती. सगळी नेहमीसारखी एकत्र आली आणि अडकली. "मला हवंय," मी म्हटलं. "इथे. तू पण इथे."

बेल पुन्हा वाजली. आईने ताट माझ्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि जाऊन दार उघडलं. मी ग्रिलपाशीच थांबले. तिथून फक्त आवाज येत होते.

"सॉरी हंसाबेन. वो कुंडी मैं नहीं देगी."

"अरे! क्यों? इतना तो अच्छा हो गया."

"मेरी लड़की ने माँगा है." मग पुढचं वाक्य आईने जरा मोठ्याने म्हटलं. हंसाबेनना ऐकू जाण्यासाठी इतक्या मोठ्या आवाजाची गरज नव्हती. "वो कभी कुछ माँगती नहीं."